कॉलेजची सोयरीक

४ एप्रिल, शुक्रवार

मिरल, माफ कर. ही डायरी तू मला जानेवारीत दिलीस आणि पहिलं पान मी आज उघडतो आहे. डॉक्टर म्हणाले होते, "करमशीभाई, डोक्यात जे फिरतं ते कागदावर उतरवत जा, बीपी आपोआप खाली येईल." त्याच संध्याकाळी तू डायरी घेऊन आलीस आणि कधी उघडून बघणार नाही अशी शपथही घेतलीस. मी रोज ती उशाशी घेऊन बसायचो. पण सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने लिहायचं काय? आज मात्र डोक्यात नुसतं जेवतानाचंच फिरतं आहे, म्हणून लिहितो.

जेवताना तू आणि तुझा बाप पुन्हा भिडलात. जयसुखचं म्हणणं सरळ आहे. अमदावादला एक वर्षाचा कोर्स आहे, घरचा धंदा असलेल्या पोरांसाठीच काढलेला. शनिवार-रविवार घरी यायचं, कारखान्यात बसायचं. तू म्हणालीस, "पप्पा, मला कोळिकोडला दोन वर्षं जायचंय."

"केरळात? अख्खी दुनिया टाइल घ्यायला मोरबीला येते आणि माझी मुलगी धंदा शिकायला केरळात जाणार?"

"टाइल नाही शिकायची पप्पा. कंपनी चालवायला शिकायचंय."

"तिथून सुटलेली पोरं बंगळुरू नाहीतर गुडगावला जातात. परत कोण आलंय सांग."

तुझी आजी कंकू वाढता वाढता म्हणाली, "म्हाताऱ्याला विचारा ना. सकाळपासून काळजी करायला काही सापडत नाहीये त्यांना."

ती थट्टेने बोलली, पण तुम्ही दोघांनी ते धरून ठेवलं. जयसुख म्हणाला, "बापूजी म्हणतील ते." तूही म्हणालीस, "चालेल. दादा म्हणतील ते." वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. म्हणजे आता तुझं आयुष्य तुझ्या ह्या आजोबाच्या एका शब्दावर. मी धड मोबाइलचा आवाज कमी करू शकत नाही. दोनदा उठून फाटकाचं कुलूप बघून आलो.

६ एप्रिल, रविवार

आज मिरलने मला कॉलेजं समजावून सांगितली. तिसरं एक बोलावणं इंदूरहूनही आहे, हे मला आजच कळलं. तिच्या टेबलावर कागदांचा ढीग. एका मासिकात एक कॉलेज वरच्या ओळीत, तर दुसऱ्यात तेच पार खाली. मी म्हटलं, "हे असं कसं? एकच माल एका दुकानात अव्वल आणि दुसऱ्यात दुय्यम?"

"दादा, ज्याने त्याने आपापला गज लावलाय. कोणी पगार मोजतो, कोणी मास्तरांचं संशोधन, कोणी बाहेर देशातून किती मुलं आली ते."

मग पगाराचे आकडे. सरासरी बघू नका म्हणाली. दोघाचौघांना परदेशात भलतीच मोठी नोकरी लागली की सरासरी उगाच फुगते. सगळ्या पोरांना पगाराप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि मधल्या पोराचा पगार विचारायचा, तो खरा. शिवाय नोकरी कसली ते बघायचं. कुठे बँकेत जाणारे जास्त, कुठे सल्ला देणारे, कुठे माल विकणारे. काय पोरगी आहे! माझ्या अख्ख्या जन्मात मला सरासरीचा संशय आला नव्हता.

"मग तुला कोळिकोडच का? इंदूर तर जवळ आहे."

ती हसली. "तिथे वर्गात मुली पुष्कळ असतात, दादा. आणि टेकडीवर आहे. आणि तुम्ही लहानपणी सांगायचात ते सगळं तिथेच ना."

सांगायचो खरा. कोळिकोडला लागूनच फेरोक आहे. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे कौलं करायला शिकायला गेलो होतो, दोन वर्षं राहिलो. पण त्यात काय? मला तिथे कावीळ झाली होती. खोबरेल तेलातली भाजी घशाखाली उतरायची नाही. ही पोरगी दूध-रोटल्यावर वाढलेली, तिथे खाईल काय? कॉलेजच्या कुठल्याच कागदात याचा पत्ता नाही.

तिने त्या कागदांवर माझं जुनं फेरोकचं लाल कौल वजन म्हणून ठेवलं आहे. टेबलावर चरे पडतील म्हणून मी उचललं, तर म्हणाली, "राहू द्या ना दादा." ठेवलं तसंच.

७ एप्रिल

सुचलं. कागद वाचून सोयरीक कोण करतं? माझ्या मुलीला, हंसाला, जामनगरला दिली तेव्हा मी आधी तिच्या सासरच्या गल्लीत गुपचूप जाऊन आलो होतो. न्हावी, पिठाची गिरणी, देवळातला पुजारी, तिघांना विचारलं की घर कळतं. मुलगी दोन वर्षांसाठी का होईना कुणाच्या घरी पाठवायची, तर तिथून निघालेली पोरं कशी वागतात ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारायला नको? आणि भेटलीच तर एकच प्रश्न विचारीन. भट्टीतून निघालेलं कौल आम्ही बोटाच्या पेराने वाजवून बघायचो. खणखणीत वाजलं तर सगळं ठीक, बद्द वाजलं तर आत तडा. माणसाला त्याची मोठी चूक विचारली की तोही वाजतो. तडा असला तर तो दुसऱ्याचं नाव सांगतो.

९ एप्रिल, बुधवार

वांकानेरला जाऊन आलो. घरी सांगितलं, देवदर्शन. धीरजलाल कासुंद्रांचा वॉशबेसिनचा कारखाना आहे. त्यांचा चिराग अमदावादच्या त्याच एक वर्षाच्या कोर्समधून निघाला आहे. मी माझं नाव, गाव काही लपवलं नाही, फक्त हेतू लपवला. चौकशीत तेवढं चालतं.

त्यांच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढीला बसलो. विचारलं, कासुंद्रांचा चिराग कसा आहे? आईबापाशी कसा बोलतो? पान-तंबाखू? शिकून आल्यावर धंदा वाढला की नुसता रुबाब वाढला?

न्हाव्याने वस्तराच खाली ठेवला. "काका, सोन्यासारखा मुलगा. कारखान्यात कामगारांच्या पंगतीला बसून जेवतो. तुमच्या घरात कोण मुलगी?"

"नात. इंजिनियर झाली. आता आणखी शिकायचं म्हणते."

"स्वभावाने?"

मी काय सांगू! मिरलबद्दल कुणी विचारलं की माझा नळ बंदच होत नाही. ती कशी हिशोबाला पक्की, कशी निगरगट्ट ड्रायव्हरलाही हसवून कामाला लावते, सगळं सांगितलं. त्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "गोड बातमी आली की घेईन." किती आपुलकी! नात कॉलेजात गेली तर एवढा आनंद मोरबीतसुद्धा कुणाला होणार नाही.

गिरणीवाल्यानेही अगदी हेच प्रश्न विचारले आणि उसाचा रस पाजला. वांकानेरच्या लोकांना शिक्षणाची फार ओढ दिसते.

१० एप्रिल

इंदूरहून निघालेल्या एका मुलाशी मिरलने फोन जोडून दिला. तो कुठल्याशा विमानतळावर रांगेत उभा होता. मोठ्या बँकेत आहे, परक्या कंपन्या विकत घ्यायला मदत करतो. त्याला चूक विचारली. म्हणाला, "दादाजी, एका कंपनीचं गोदाम न बघता नुसता कागद बघून मी किंमत लावली. गोदामात निम्मा माल सडलेला निघाला. आता मी आधी गोदामात जातो, मग कागद." खणखणीत. वर मला विचारतो, "तुमची झोप नीट होते का?" त्याच्याच आवाजात झोप नव्हती. इंदूर वाईट नाही. पण त्याच्या आईला तो महिन्यात किती वेळा दिसत असेल?

१३ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नको, असं झालंय.

दुपारी दारात मोठी गाडी थांबली. धीरजलाल, त्यांची बायको आणि चिराग. हातात पेढ्यांचा डबा. जयसुख अर्ध्या बाहीच्या गंजीत. मिरल जुन्या पायजम्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन गाठिया खात होती.

धीरजलाल हात जोडून म्हणाले, "करमशीभाई, तुम्ही आमच्या गल्लीत चौकशी करून गेलात. म्हटलं, एवढ्या मोठ्या घरचा माणूस स्वतः आला, तर आपणही उशीर करू नये."

तेव्हा माझ्या डोक्यात न्हावी, गिरणी, उसाचा रस, सगळं एकदम उजळलं. मी खुर्चीवर बसलो की पडलो, आठवत नाही. कंकूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. स्वयंपाकघरात ओढून नेऊन म्हणाली, "शाबास! नातीला कॉलेज बघायला गेलात आणि नातजावई घेऊन आलात!"

मी बाहेर येऊन खरं काय ते सांगून टाकलं. मग चिरागच पहिला हसला, इतका की त्याचा चष्मा खाली आला. त्याच्या आईलाही हसू आवरेना. धीरजलाल म्हणाले, "बरं झालं. सोयरीक नाही तर नाही, चहा तर घेऊ. पण आमची चौकशी फुकट गेली म्हणायची!"

"तुमची कसली चौकशी?" जयसुखने विचारलं.

"तुम्ही न्हाव्याला विचारलंत, आम्ही तुमच्या भट्टीवरच्या परसोत्तमला विचारलं. तो म्हणाला, दिवाळीत पोलंडचा कंटेनर परत येणार होता तो मिरलबेनने थांबवला. गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला, रंग बदलला ही आपली चूक आहे म्हणून कबूल केलं आणि पुढच्या मालात भरून देते म्हणाली. ते गिऱ्हाईक आता दुप्पट माल घेतं. म्हणाला, ही मुलगी उद्या कारखाना चालवेल, फक्त शेठना अजून ठाऊक नाही."

जयसुखच्या हातातली बशी तशीच राहिली. "तो कंटेनर मॅनेजरने सोडवला ना?"

मिरल गाठियाच्या डब्यात बघत म्हणाली, "पप्पा, तुम्ही तेव्हा ओरडत होतात. तुम्हाला सांगणार कोण?"

नंतर ती आणि चिराग आतल्या खोलीत बोलत बसले, पुष्कळ वेळ. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने दोनदा गेलो. कॉलेजचंच चाललं होतं. मी त्यालाही माझा प्रश्न टाकला. तो म्हणाला, "दादा, अमदावादहून शिकून आलो आणि आल्या आल्या कारखान्यात मोठा फळा लावला. कुणाच्या हातून किती बेसिन फुटलं, नावासकट. तर लोक फुटलेला माल पाण्याच्या टाकीत लपवायला लागले. टाकी तुंबली तेव्हा मला कळलं. फळा काढला, त्यांच्यात जाऊन बसलो, तेव्हा फुटणं कमी झालं."

काय सुरेख वाजला पोरगा!

"मग आमच्या मिरलने अमदावादलाच जावं ना?"

"माझ्यासाठी ते अगदी योग्य होतं. मी आधी तीन वर्षं पप्पांच्या हाताखाली होतो, प्रश्न खिशात घेऊनच गेलो होतो. मास्तरांनी एकेक सोडवून दिला. हिला मात्र परक्या लोकांत उभं राहून बघायचंय. तिथे तिला शेठची मुलगी म्हणून कोणी ओळखणार नाही."

मिरल त्याच्याकडे बघत होती. त्याने पेढा पुढे केला, तो तिने घेतला. एरवी तिला पेढा आवडत नाही.

१४ एप्रिल

उलटच झालं. मला वाटलं होतं, मुलीची किंमत कळल्यावर जयसुख विरघळेल. तो म्हणतो, "आता तर मुळीच नाही. अशी मुलगी मी दुसऱ्यांच्या नोकरीला पाठवू? अमदावाद पक्कं. बापूजी, तुम्ही फक्त हो म्हणा." मिरल जेवली नाही. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. कंकू म्हणते घेतली.

१७ एप्रिल, गुरुवार

राजकोटला गेलो. ह्या वेळी न्हाव्याकडे नाही, सरळ कारखान्यात. पूर्वी व्यास नावाची मुलगी, कोळिकोडहून शिकून निघालेली. बेअरिंगच्या कारखान्यात परदेशातल्या विक्रीची प्रमुख आहे. फाटकावरच सांगून ठेवलं, "बाई, मला लग्नाचा नातू नाही." ती म्हणाली, "बरं झालं दादा, मलाही नवरा आहे."

जर्मनीचा फोन सुरू होता. केस पिकलेले, तिच्यापेक्षा मोठे दोन पुरुष तिच्याकडून काय बोलायचं ते विचारून जात होते आणि ती त्यांना मोठ्या भावांसारखं वागवत होती. मी नुसता बघत राहिलो.

आधी चार वर्षं ती गुडगावला सल्ला देण्याच्या नोकरीत होती. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. मी विचारलं, सोडली का? म्हणाली, "दुसऱ्याच्या कारखान्याला काय करा ते सांगायचे आणि निघून यायचे. केलेलं बघायलाच मिळायचं नाही. पण ती चार वर्षं केली नसती तर ह्या खुर्चीत मला कोणी बसवलं नसतं. कॉलेजच्या नावाने पहिलं दार उघडलं, दादा. दुसऱ्यापासून पुढे कुणी नाव विचारलं नाही."

"आणि शिकलीस काय तिथे?"

"समजलं नाही तर भर वर्गात 'समजलं नाही' म्हणायला. पहिले सहा महिने मी मान डोलवत बसायचे. ती माझी चूक, तुम्ही विचारणारच होतात ना? मिरलने सांगितलंय."

मी ओशाळलो. मग तीच मला विचारते, "तुम्ही कौलं कुठे शिकलात?"

"फेरोकला."

"अरे! आमच्या टेकडीहून जवळच. कोणी पाठवलं?"

"बापाने."

"घरी भट्टी होती?"

"छे. हाताने थापायची देशी कौलं होती, पावसात गळणारी. बाप म्हणाला, जिथे न गळणारी होतात तिथे जा."

"आणि परत का आलात? तिथे नोकरी नव्हती?"

होती. मला कौलं शिकवणारा मोयदीन उस्ताद ठेवून घ्यायला तयार होता, खोली देत होता. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. मी परत का आलो? कावीळ झाली म्हणून नाही. ती तर पहिल्याच वर्षी बरी झाली होती.

१९ एप्रिल, शनिवार

सांगून टाकलं. जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवलं. मीही बसूनच बोललो.

म्हटलं, तिन्ही घरं चांगली आहेत. तिन्हीकडची पोरं मी वाजवून बघितली, एकही बद्द निघालं नाही. माझ्या काळी अशी शाळा असती तर मी दाराशी झोपलो असतो. पण ज्याला जे विचारायचंय तिथे त्याने जावं. मिरल कोळिकोडला जाईल.

जयसुख उठून उभा राहिला. "आणि परत आली नाही तर? हे सगळं मी कुणासाठी उभं केलं?"

"माझ्या बापाने मला बांधून ठेवलं नव्हतं, जयसुख. त्याने जाऊ दिलं आणि मागे थापायची जागा साफ करून ठेवली. नवी भट्टी कुठे बसेल ते पावलांनी मोजून ठेवलं. मी आलो तेव्हा खुंट्या ठोकलेल्या होत्या. ती यावी असं वाटतं ना? मग तिला यावंसं वाटेल असा कारखाना ठेव. तिने कंटेनर सोडवला तर ते तुला परसोत्तमकडून कळायला नको."

जास्त बोललो. त्याचं तोंड पडलं. तो अंगणात गेला आणि पुष्कळ वेळ गाडीच्या काचा पुसत राहिला, ज्या ड्रायव्हरने सकाळीच पुसल्या होत्या. मग आत येऊन मिरलला म्हणाला, "तिथे थंडी नसते ना? मग स्वेटर नको. राजकोटहून सरळ गाडी आहे, मी बघितलंय. उद्या तिकीट काढू." बघितलंय म्हणजे कधी बघितलंय? मिरल त्याच्या गळ्यात पडली. कंकूने ताकाचा पेला भरून माझ्यापुढे ठेवला.

आता नवी काळजी. मी चुकलो असेन तर?

२१ जून, शनिवार

काल गेली. राजकोट स्टेशनवर चिरागही आला होता. त्याला म्हणे तिथे काहीतरी काम होतं, म्हणून सामान चढवायला मदत झाली. हल्ली दोघांचे फोन रोजच चालतात, बहुतेक बेसिनच्या फुटीबद्दल. कंकूला हे सांगितलं तर ती नुसती हसते.

सामान भरताना एक गंमत झाली. मिरलने बॅगेत कपड्यांच्या मधे ते फेरोकचं लाल कौल ठेवलं होतं. आधीच बॅग जड, म्हणून मी ते हळूच काढलं. कंकूने माझ्या हातातून घेतलं आणि परत जागच्या जागी ठेवलं. म्हणाली, "तुम्हाला कधी काही कळायचं नाही." जाताना मिरलने पुन्हा विचारलं, "दादा, उस्तादांचं नाव मोयदीनच ना? आणि कारखाना नदीच्या कोणत्या काठाला?" सांगितलं मी. पण तिथे आता काय असणार? बहुतेक भट्ट्या कधीच बंद पडल्या म्हणतात. अभ्यास सोडून कुठे शोधत बसेल?

जयसुख आज सकाळी कारखान्यात गेला आणि त्याच्या केबिनशेजारची खोली रिकामी करायला लावली. विचारलं, कशाला? म्हणतो, "असू दे, जुने नमुने ठेवायला." मग तिथे एवढी मोठी खिडकी कशाला पाडतोय?

मिरल, गाडी आता कोकणातल्या बोगद्यांत असेल, फोन लागत नाही. मी तीनदा लावला, मग जयसुखने माझा फोन काढून घेतला. तू हे वाचणार नाहीस, शपथ घेतली आहेस, तरी लिहितो. थेपले आधी संपव, ते टिकतात म्हणून ठेवून देऊ नकोस. खोबरेल तेलाची सवय होते, मलाही झाली होती. नंतर मोरबीत कितीतरी दिवस भाजी बेचव लागायची. वर्गात समजलं नाही तर समजलं नाही म्हण. आणि बेटा, पोचलीस की आधी फोन कर. मग खोली बघ, मग आंघोळ. आधी फोन. लवकर कळव.